फिट नव्हे, टर्न

"त्याला काही होत नाही. ही इज ग्रँड," ब्रिजेट पुन्हा म्हणाली, आणि मी पेन खाली ठेवलं.

आयर्लंडमध्ये कासलबारच्या इस्पितळात मी मुलांचे EEG काढते. डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद घ्यायची. दुखत नाही, फक्त केस चिकट होतात. गोम अशी की रेकॉर्डिंग थोडाच वेळ चालतं. तेवढ्यात मेंदू शहाण्यासारखा वागला तर रिपोर्ट स्वच्छ येतो आणि आजार तसाच राहतो. म्हणून फिट कशी येते ते पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

ब्रिजेटचा नातू शॉन, वय आठ, शाळेच्या जिन्यात पडला होता. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. आई कामावर, हा आजीपाशी. म्हणजे घरी असं काही होत असेल तर साक्षीदार एकच आणि तीच बोलायला तयार नाही.

आमचे कन्सल्टंट नील मला बाहेर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल, हिस्ट्री नाही. औषध कशाच्या जोरावर देऊ? उद्या पोहताना फिट आली तर?"

"मी बघते," म्हटलं. हे काम मला जमतं.

शॉनला कार्टून लावून दिलं, ब्रिजेटला चहा दिला. "आमच्या नागपूरकडे फिट आली की नाकाला चप्पल लावतात," मी सांगितलं.

"चप्पल? गुण येतो?"

"फिट आपली आपण थांबते. श्रेय चप्पल घेते."

ती खदखदून हसली. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरात फिट म्हणत नाहीत. टर्न म्हणतात. तेही दार लावून."

तिच्या आजोबांच्या धाकट्या भावाला टर्न यायचे. व्हिक्टोरिया राणीचा काळ. शॉनएवढा असताना त्याला दुसऱ्या काउंटीतल्या असायलममध्ये, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. वेड नव्हतंच. मोठ्या माणसांच्या वॉर्डात राहिला तो, घरी कधी आलाच नाही. "आजोबा बजावायचे, डॉक्टरला टर्न सांगितला की मूल गेलं."

मला संताप आला. त्या पोराला पडताना धरणारं कुणीतरी हवं होतं, बस.

"ब्रिजेट, शॉनला कुणी ठेवून घेणार नाही. आणि घ्यायचं म्हटलं तरी या देशात बेड मिळतो का?"

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि मग घडाघडा बोलली. नाश्त्याला चमचा हवेतच थांबतो. ओठाचा डावा कोपरा उडतो. हाक ऐकू जात नाही. मग गाढ झोपतो.

नीलना एवढं पुरेसं होतं. पुढच्या खेपेला शॉनला कमी झोपवून आणायला सांगितलं, कारण पेंगुळलेल्या मेंदूला लपवाछपवी जमत नाही. रेकॉर्डिंगमध्ये हवं ते दिसलं. औषध सुरू झालं.

त्या दिवशी वायरी काढल्यावर ब्रिजेट उभी राहिली. "त्याला घरी न्यायला सही कुठे करू?"

"सही कसली? न्या की."

तिने शॉनचा हात घट्ट धरला आणि लिफ्टची वाटही न पाहता जिन्याने निघाली.

फिट येते का, असं मी आता विचारत नाही. तुमच्या घरी त्याला काय म्हणतात, असं विचारते. उत्तर मिळतं.