भोंग्याचं गाणं

आमच्या शेजाऱ्याला अख्खी गल्ली भोंगा म्हणते. निवडणूक आली की रिक्षाला कर्णा बांधून तो आपल्या पक्षाचा प्रचार करत फिरतो. यंदा विधानसभेला समोर तात्या उभे होते. भोंग्याने त्यांच्यावर गाणं रचलं:

तात्या आले, हात जोडले,
मतं घेतली, पाय काढले!

भाषणं कोण ऐकतंय? गाणं मात्र पोरांनी उचललं. जिन्यात तेच, शाळेच्या वाटेवर तेच, दोरीवरच्या उड्याही त्याच तालावर. भोंगा मिशीला पीळ देत हिंडायचा.

मग निकाल लागला. तात्या निवडून आले, पण राज्यात बहुमत कुणालाच नाही. नेतेमंडळी आठवडाभर हॉटेलात कोंडून बसली आणि बाहेर आली ती गळ्यात गळे घालून. भोंग्याचा पक्ष थेट तात्यांच्या पंगतीला. जुनं सरकार गेलं, तात्या आरोग्यमंत्री झाले. आणि भोंग्याची बायको सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात कंत्राटावर. कंत्राट याच महिन्यात संपत होतं.

मी म्हटलं, "काय रे, तात्या आता तुझे व्याही की!" एरवी दोन शिव्या हासडणारा भोंगा तडक घरात शिरला. पाणी डोक्यावरून गेलं होतं.

रविवारी तात्यांची मिरवणूक आमच्याच गल्लीतून निघणार होती, आणि पुकारायचं काम भोंग्याकडेच. तो दारोदार पोरांच्या हातापाया पडत सुटला. 'तात्या आले, भाग्य उजळले' असं नवं गाणं शिकवलं. चॉकलेटं वाटली. पोरांनी चॉकलेटं खाल्ली आणि जुनंच म्हटलं; नव्यात मजा नाही म्हणे. एका आईला त्याने पोराला तासभर कोंडून ठेवायची गळ घातली, तर तिने त्यालाच जिन्यावरून हाकललं. घरी वहिनी बोलायच्या बंद. नुसती भांडी बोलायची.

रविवारी उघडी जीप कोपऱ्यावर वळली. भोंगा घसा फोडून जयजयकार करत होता. श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात गच्चीवरून पोरांनी सूर लावला. 'हात जोडले' म्हणताना तात्यांचे हात खरंच जोडलेले होते. गर्दी खुदकन हसली.

जीप थांबली. तात्याही हसले. "छान आहे. कुणी रचलं?"

"काकांनी!" पोरांनी अभिमानाने बोट दाखवलं.

भोंग्याने मान खाली घातली. वहिनीच गर्दी सारून पुढे आल्या. "गाणं यांचं, साहेब. दवाखान्यातली नोकरी माझी आहे. तेवढं वेगळं ठेवा."

"असं कसं ताई," तात्या अगदी मऊ आवाजात म्हणाले, "घर तर एकच ना?"

महिना संपला. धुलाईघरातल्या सगळ्या बायकांना पुन्हा घेतलं, वहिनींना सोडून. दोघं पक्षाच्या कचेरीत गेले. वहिनी बाहेर पायरीवर बसल्या. आत भोंग्याच्या साहेबांनी त्याला समजावलं: युती नवी आहे, इतक्यात तात्यांना दुखवून कसं चालेल? बघू पुढे.

तो बाहेर आला. बघू म्हणालेत, एवढं सांगितलं.

"कधी?" वहिनींनी विचारलं.

तो पायरीवर त्यांच्या शेजारी बसला.