घंटेचा मनोरा

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की इटलीतलं ते छोटं गाव आठवतं. दोंडाईच्याच्या आमच्या मिरची कारखान्यात नवं यंत्र येणार होतं, त्याचं काम शिकायला मला तिकडे पाठवलं होतं. रविवारी तिथला म्हातारा मेकॅनिक कौतुकाने मला आपलं गाव दाखवायला घेऊन गेला. चर्चमध्ये असतानाच धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आबा गयात. तुनी वाट दखता येवाव नही." मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. माझी वाट न पाहताच ते आबांना अग्नी देणार होते. म्हातारा सांगत होता, शेजारचा घंटेचा मनोरा भूकंपात पडला, तेव्हा गावाने तेच दगड वेचून तो पुन्हा उभा केला. वडील गेल्याचं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्यामागून पायऱ्या चढलो, वरून जुनी वेस आणि नदीवरचा पूल पाहिला, छान आहे म्हणालो. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. आईने विचारलं, "फोन उना तव्हय तू काय करी राहिंता?" मी खरं तेच सांगितलं, चर्च पाहत होतो, मग मनोरा चढलो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पाय धुई ले." मी पाय धुतले, जेवलो. इतकी वर्षं झाली, आबांसाठी रडायचं अजून राहूनच गेलंय.