दुखऱ्या गुडघ्याचा राखणदार

आमच्या साडूंइतक्या हट्टाने हरणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज दिवेलागणीला मुलीचा लहानपणचा व्हिडिओ गेम लावून बसायचा आणि त्यातल्या शेवटच्या शत्रूकडून यथेच्छ मार खायचा. हा शत्रू म्हणजे पाण्यात बुडालेल्या देवळाच्या दारात उभा असलेला, काळ्या चिलखतातला अवाढव्य राखणदार. त्याला हरवलं की दार उघडणार आणि गेम संपणार. साडू त्याला चक्क अहोजाहो करत. "या साहेब," म्हणून लढाई सुरू करायची आणि आपला वीर पडला की "आज तुमचा दिवस," म्हणत तांब्याभर पाणी प्यायचं. राखणदार चालू लागला की पंखासुद्धा बंद. "ऐका साडूभाऊ, डावा गुडघा करकरतोय. बेअरिंग गेलंय त्यांचं." मग तिथंच तलवार घाला की, असं मी म्हटलं, तर साडू दुखावले. "दुखऱ्या जागी मारायचं नसतं. लय वाईट हाय ते." एकदा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता, तरी ती करकर खोलीत ऐकू आली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. साडू शांतपणे म्हणाले, "आज लवकर आले."

हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नव्हतं. बायको गेल्यापासून साडू घरात एकटेच राहत होते. सिन्नरला दिलेली मुलगी खोली तयार ठेवून वाट बघत होती आणि साडूंनी तिला शब्द दिला होता, "ह्यांना हरवलं की दुसऱ्या दिवशी येतो." ती मला फोनवर म्हणायची, "काका, बाबा मुद्दाम हरतात हो." मला ते केव्हाच कळलं होतं. डब्यांच्या उतरंडीपासून देव्हाऱ्यातल्या वातीपर्यंत त्या घरात सगळं बायकोच्या हातचं होतं आणि साडूंचा पाय तिथून निघत नव्हता.

खंडेनवमीला मी गेलो, तेव्हा साडूंनी गेमचं यंत्र पुसून पाटावर मांडलं होतं, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. कारखान्यात त्या दिवशी मशीनला पूजेपुरताच हात लावायचा, तीच शिस्त इथंही. टीव्हीवर मात्र गेम चालू होता. "त्यांनाबी सणाचं दर्शन व्हावं," साडू म्हणाले. वीर रिकाम्या हातांनी उभा होता. राखणदार पाण्यातून करकरत आला, गदा उचलली, थांबला. मग ती त्याने हळूच खाली ठेवली आणि बाजूला सरकला. मागचं दार उघडं होतं.

"प्रोग्रामच तसा असेल," मी म्हणालो.

साडूंनी टीव्हीसमोर हात जोडले. मग म्हणाले, "वाट दिली त्यांनी. आता नाय म्हणता येत नाय." दसऱ्याला मुलगी गाडी घेऊन आली. निघताना साडूंनी गेम माझ्या हाती दिला. "तुम्ही लावत जा अधूनमधून. एकटे पडतील ते."

मी लावतो. पण राखणदार माझ्यावर हत्यारच उचलत नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे, आमच्या घराच्या दाराकडे बघत उभा राहतो. सुरुवातीला मी चटकन बंद करायचो. आता बसतो त्याच्याबरोबर. मला साडूंची फार आठवण येते, आणि त्यालाही येत असावी.