पेशंट घेतल्यानंतरचे चौदा किलोमीटर

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. हिशेबातला माणूस आहे. बाधा, उतारा, नजर… कोणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं. तरी हे लिहितोय, कारण दुसरं कुठं सांगावं ते कळत नाही.

यवतमाळला एका लहानशा संस्थेत मी बिलं करतो. संस्थेची एकच अॅम्ब्युलन्स. सरकारी गाडी फुकट असते, पण ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असली की लोक आम्हाला फोन करतात. मग बिलावरून रोजची कटकट! "गाव एकतीस किलोमीटर, अन् पैसे बासष्टचे काहून?" अहो, गाडी रिकामी जाते तेव्हा काय पाण्यावर चालते? म्हणून ड्रायव्हर शीटवर तीन आकडे लिहितो — निघतानाचं मीटर, पेशंट घेतला तेव्हाचं मीटर, दवाखान्यात उतरवला तेव्हाचं मीटर. मी वजाबाकी करतो, दराने गुणतो, ऑक्सिजन लागला तर तो वेगळा. झालं बिल. यात न समजण्यासारखं काही नाही, असं मला वाटायचं.

मागच्या पावसाळ्यानंतर बोरी अरबकडच्या काही शीट जुळेनात. जाताना एकतीस, पेशंट घेऊन येताना पंचेचाळीस. सगळ्या ट्रिपना नाही, एखादीलाच. पण वाढायचे ते दर वेळी चौदाच.

आमचा ड्रायव्हर मधुकरभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, साधी सुपारीही न खाणारा माणूस. त्याला मी सगळ्या ऑफिससमोर विचारलं, "मागे पेशंट तडफडत असताना तुम्ही कुठं फिरून येता?"

"साहेब, मी रस्ता सोडलाच नाई," तो म्हणाला. "बोरी, लोहारा, सीधा दवाखाना. मीटर कायले वाढते, मले काय मालूम?"

हे काय उत्तर झालं! मी ते चौदा किलोमीटर पेशंटला लावले नाहीत, मधुकरभाऊच्या पगारातून कापले. असं पाच वेळा केलं. तो एकदाही भांडला नाही. मीटर मेकॅनिकला दाखवलं, चांगलं होतं. मी स्वतः रिकामी गाडी घेऊन गेलो-आलो, एकतीसला एकतीस. मोबाइलच्या नकाशातही त्या पाचही वेळा गाडी सरळच आलेली दिसत होती.

आम्ही आठवड्याभराने पेशंटच्या घरी फोन करतो, तब्येत विचारायला. त्याची एक वही आहे. एकदा सहज त्या वहीत मी पंचेचाळीसवाली पाच नावं शोधली. पाचही माणसं गेलेली होती. एकतीसवाले मात्र घरी आलेले, त्यांच्यात एक तर पार सीरियस होता. मी वही मिटली आणि चहा प्यायला गेलो. योगायोग आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मधुकरभाऊला हे माझ्याआधी कळलं असावं. कारण त्या सुमारास पेशंट गाडीत घेतला की तो मीटरवर रुमाल टाकायचा, आणि दवाखाना आल्यावरच काढायचा.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. आमचा तांडा बोरीला लागूनच आहे. "याडी अंगणात पडली, छातीत दुखते म्हणते." याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. सरकारी गाडी बाहेर होती, आमची ऑफिससमोरच उभी होती. मी मधुकरभाऊशेजारी चढून बसलो. तांड्यावर पोचलो तेव्हा एकतीस झाले होते.

याडीला स्ट्रेचरवर घेतलं. घामाने ओली झाली होती, पण तोंड चालूच. "एवढ्याशासाठी गाडी आणली? बिल किती लावशील रे मला?" भाऊ आणि वहिनी तिच्याजवळ बसले. वहिनी म्हणाली, "तुम्ही बसा ना आईजवळ, मी पुढं बसते." मी नको म्हणालो. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

मधुकरभाऊने मीटरवर रुमाल टाकला.

"काढा तो."

"राहू द्या साहेब झाकलेलं. आज तरी राहू द्या."

"कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, भाऊ," म्हणत मी रुमाल ओढला. वर ट्रिपचा आकडाही शून्यावर आणला. आपण किती शहाणे!

लोहाऱ्याच्या कंपन्या दिसायला लागल्या तेव्हा सव्वीस झाले होते. बरोबर होतं. 'यवतमाळ पाच किलोमीटर'चा दगड गेला. डाव्या हाताला एका कारखान्याची भिंत सुरू झाली. सत्तावीस झाले… अठ्ठावीस… तीस… भिंत संपेना. रोज पाहिलेली भिंत हो, पायी पाच मिनिटांची! मीटर चौतीस, सदतीस, चाळीस. समोर एक गाडी नाही, रस्त्यावर एक माणूस नाही. मधुकरभाऊने मीटरकडे एकदाही पाहिलं नाही.

मधल्या खिडकीतून याडी मला हाक मारत होती. "कतरा दूर छ?" किती दूर आहे अजून. मी "आलंच, आलंच" म्हणत राहिलो. मान वळवली नाही. डोळे मीटरवर होते.

मग एकदम चारचा दगड आला, पानठेला आला, हॉर्न ऐकू आले. दवाखान्याच्या दारात मीटरवर पंचेचाळीस होते. माझ्या घड्याळात मात्र नेहमीइतकाच वेळ गेला होता. भाऊ उतरता उतरता म्हणाला, "मधुकरभाऊ, काय झटक्यात आणलं तुम्ही!"

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, धोका टळला. दुसऱ्या दिवशी तिने खिचडी खाल्ली. भाऊ हसत तांड्यावर गेला. मी कोणाला काही बोललो नाही, फक्त तिच्या खाटेजवळून हललो नाही. तिला त्याचंच नवल वाटत होतं.

संध्याकाळी तिने विचारलं, "काल मधेच कुठं नेलं होतं रे मला? किती वेळ चाललो आपण. तू तर पुढं बसून पाहत होतास… मग मागं वळून माझ्याकडं का नाही पाहिलंस?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला, नर्स बीपी घेत असतानाच ती गेली.

तेरवी झाल्यावर कामावर आलो. तिच्या ट्रिपची शीट टेबलावर होती. मधुकरभाऊने येतानाचे एकतीसच लिहिले होते. माझ्यासाठी खोटं लिहिलं होतं त्याने. मी ते खोडून पंचेचाळीस केले आणि सगळे पैसे स्वतः भरले. तेवढा रस्ता ती चालली होती, आणि तो मी तिला एकटीला चालू दिला. मधुकरभाऊचे कापलेले पैसेही परत केले. त्याने मोजले नाहीत. एवढंच म्हणाला, "साहेब, मी रुमाल उगाच नव्हतो टाकत. मागं पेशंटकडं लक्ष राहते मंग."

हे काय आहे, मला आजही माहीत नाही. मीटर दोनदा बदललं. त्या भिंतीजवळून मी पायीसुद्धा जाऊन आलो, पाच मिनिटंच लागतात. कोणाला कारण माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन… आता डोकं फिरणार नाही.

मधुकरभाऊ आता शीट माझ्या टेबलावर पालथी ठेवून जातो. आठवडा झाल्याशिवाय मी ती सरळ करत नाही. आज दुपारी एक आली आहे. बोरीची बाळंतीण आहे, बावीस वर्षांची. तिचा नवरा आत्ताच बिल विचारायला येऊन गेला. म्हटलं, बिलाची घाई नाही बाबा, तू जा, तिच्याजवळ बस.