वडिलांच्या देखत

आमच्या बोरीत एक अलिखित नियम होता. वडीलधाऱ्यांच्या देखत पुरुषाने स्वतःचे मूल उचलायचे नाही. भावाचे खुशाल उचलावे; स्वतःचे उचलणे म्हणजे निर्लज्जपणा. त्यामुळे माझ्या वडिलांनी मला कधी खांद्यावर घेतले नाही. यावरून त्यांची माया कमी होती, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मला काकांचे खांदे मिळाले आणि काकांच्या मुलांना माझ्या वडिलांचे. व्यवस्था चोख होती.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी स्वतः बाप झालो, तेव्हा ती कोलमडली. मला सख्खा भाऊच नव्हता, आणि काकांची मुले नोकरीसाठी दूर गेली होती! माझ्या लेकीने खांदे आणायचे कुठून? तिला तर माझेच हवे असत.

वडील घरात शिरण्याआधी दारात खाकरत. ते ऐकले की मी लेकीला झटकन खाली ठेवी. अडीच वर्षांच्या त्या मुलीला हा खेळच वाटला. पुढेपुढे ती माझ्या खांद्यावर बसून स्वतःच खाकरे, आणि मी दचकलो की खिदळे.

एकदा आम्ही दोघे जिंतूरहून एसटीने परतत होतो. ती माझ्या मांडीवर होती. वाटेतल्या एका थांब्यावर ओळखीचे खाकरणे ऐकू आले. वडील गाडीत चढत होते. मी लेकीला शेजारच्या अनोळखी बाईंच्या मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेरची कपाशी न्याहाळू लागलो.

पुढच्याच थांब्यावर बाई उठल्या.

"अवो पावणं, लेकरू घ्या की तुमचं! मला उतरायचंय."

मी कपाशीच पाहत राहिलो.

कंडक्टर ओरडला, "कुणाचं हाय हे लेकरू? बापानं हात वर करा!"

वर्गात अशी आज्ञा मी रोज देत असे. हात वर करणे किती अवघड असते, ते त्या दिवशी समजले.

एवढ्यात लेक हुबेहूब आजोबांसारखी खाकरली. सगळी गाडी वडिलांकडे पाहू लागली.

"हे कुठं शिकलीस गं?" त्यांनी विचारले.

"आबा आले की बाबा मला टाकून देतात!" ती आनंदाने म्हणाली.

गाडीत हशा उसळला. एक म्हातारे म्हणाले, "बापाच्या धाकानं लेकरू टाकायलाय की गडी!"

वडिलांनी मिशी दाबून धरली, पण ती हलायची थांबेना. "मास्तर," ते मला म्हणाले, "घ्या आता. का गाडीतच ठिवायचं हाय तिला?"

असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मागे जागा रिकामी असूनही बोरी येईपर्यंत ते तसेच पाठमोरे उभे राहिले. नियम 'देखत' न घेण्याचा होता. त्यांनी तो अक्षरशः पाळला.

बोरीला उतरलो. ते पुढे चालू लागले. मी धीर करून लेकीला खांद्यावर घेतले. तिने दोन्ही हात हवेत सोडले आणि आरोळी ठोकली. वडिलांनी मागे पाहिले नाही. मावळतीचे ऊन आमच्या पाठीवर होते आणि आमची लांबलचक, चार हातांची सावली त्यांच्याही पुढे धावत होती.

"नीट धर रे," ते मान न वळवता म्हणाले, "लय डुलायलीय ती."