रापणीचा वाटा आणि काचेचा गोळा

सुनेने काचेचा गोळा घरी आणला तेव्हा मी अंगणात फणसाची साठं वाळत घालत होते. गोळा मोसंब्याएवढा, आरपार स्वच्छ आणि हाताला चांगला जड. साठांवरचं फडकं वाऱ्याने सारखं उडत होतं, म्हणून मी तो फडक्यावर ठेवून दिला. एवढं वजन दुसऱ्या कशासाठी आणतात? थोड्या वेळाने जळका वास आला. उन्हाने त्या गोळ्यातून फडक्याला भोक पाडलं होतं.

"आई, तो फोटो काढूचो गोळो!" सून धावत आली.

"मगे आधी सांगूक काय झाला? घर पेटला असता माझा."

तिने गोळा उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. आत आमचा माड उलटा लोंबत होता. घर वर, आभाळ खाली, आणि कुंपणावरचा कावळा पाय वर करून बसलेला. मी गोळा तिच्या हातातून घेतला आणि परसभर फिरले. विहीर बघितली, गाय बघितली, शेजारीण बघितली. शेजारीण उलटी जास्त बरी दिसत होती. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

सून कणकवलीला शाळेत शिकवते. तिथे दरवर्षी फोटोंचं प्रदर्शन भरतं. आदल्या वर्षी तिने सूर्यास्ताचा फोटो दिला, तो परत आला. मीही परतच केला असता; सूर्य रोज बुडतो, त्यात काय बघायचं? पण तिच्या मनाला ते फार लागलं होतं. या वेळी तिला गोळ्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, हवी होती. सगळा गाव दोर ओढतोय आणि ती सगळी माणसं त्या एवढ्याशा काचेत. फोटो द्यायला रविवार शेवटचा, आणि आमच्या मिठबावला हल्ली रापण रोज कुठे लागते?

रविवारी सकाळी शेजारीण कुंपणावरून ओरडली, "रापण लागली गो!" सून गोळा आणि फोन घेऊन पळाली आणि तिच्यामागे मी.

होडीने जाळं समुद्रात गोल टाकलेलं होतं. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आले होते आणि माणसं दोन रांगांत ओढत होती. सून वाळूत गोळा ठेवायला वाकली, तेवढ्यात रापणीचा म्होरक्या, तांडेल, तिच्यावर गरजला, "ओ मास्तरीणबाई, उभ्या काय रवलात? दोरयेक हात लावा!"

रापणीला हात रिकामे ठेवून कोणी उभं राहत नाही. ज्याने दोराला हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतो, आणि जो नुसता बघतो त्याला शिव्या. सून रडकुंडीला आली. दोर ओढला तर फोटो जाणार, फोटो काढला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"तू वड," मी म्हटलं. "फोटो मी काढतंय."

"तुमका जमतला?"

"बोट लावूचा मा त्या फोनाक? लावतंय."

फोन माझ्या हातात देऊन ती दोराला लागली. मी गोळा वाळूत ठेवला, तो ओल्या वाळूत रुतला. पुसून परत ठेवला, परत रुतला. जाळं जवळ येत होतं, दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत होत्या. जाळं एकदा काठाला लागलं की सगळे दोर टाकून माशांवर धावतात, मग काढा फोटो! लाटेने टाकलेली एक करवंटी दिसली. ती उताणी रोवली आणि त्यात गोळा बसवला. चपखल बसला. आता तो दिसायला डोळा वाळूच्या पातळीला हवा. मग काय, पडले पालथी, पातळासकट.

"म्हातारी पडली गो!" कोणीतरी ओरडलं.

"पडूक नाय, झोपलंय! तुम्ही वडा!"

गोळ्यात समुद्र वर होता. माणसं वटवाघळांसारखी वाळूला लटकून दोर ओढत होती. तेवढ्यात जाळ्यातलं पाणी उसळलं आणि मासे चमकायला लागले, उलटे, खाली आभाळात उड्या मारणारे! मी बोट लावत सुटले. लाट येऊन माझे पाय भिजवून गेली तरी उठले नाही.

वाटे पडले. तांडेलाने सुनेला बांगडे दिले आणि मलाही दिले.

"हिणी खंय दोर वडल्यान?" एक बाई म्हणाली.

"इतक्या वेळ रेतयेत पडली ती काय फुकट?" तांडेल म्हणाला.

घरी येऊन सुनेने फोटो बघितले आणि एका फोटोवर थांबली. एकदम ओरडली, "आई! ह्यो बघा!" मग तिचा चेहरा पडला. "पण ह्यो माझो नाय. तुम्ही काढलास. माझ्या नावान कसो देव?"

"गोळो कोणाचो? रापण धरूचा कोणाच्या डोक्यात इला? मी दोराक हात नाय लावलंय, तरी तांडेलान माका वाटो दिल्यान मा? तसोच तू घे. दोघींची नावा घाल आणि सुट. गाडी चुकात."

तिने तसंच केलं, आणि फोटो लागला. मी कणकवलीला जाऊन बघून आले. माणसं मान वाकडी करकरून बघत होती. मीही जवळ जाऊन नीट बघितलं. फोटो मोठा केल्यावर सगळं दिसतं. रांगेतल्या सगळ्यांचे हात दोरावर ताणलेले होते. फक्त माझ्या सुनेचे हात ढिले, आणि तोंड फोनकडे.

"तू दोर नुसतो धरलंस गो," मी म्हटलं. "आणि बांगडे घेऊन इलंस!"

ती लाजली. पुढच्या रापणीला दोर मी ओढणार आहे, तिने वाळूत झोपायचं.