जुन्या वह्यांतून माणसे शोधणारे साळवे सर

साळवे सरांशी माझी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊन. नगरच्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षात मी तीन आठवडे माझ्या आजीचे, मार्थाबाईचे, नाव शोधत होतो आणि पार वैतागलो होतो. सर तिथूनच निवृत्त झालेले. पण जुनी कागदपत्रे धुंडाळणाऱ्यांना मदत करायला आपणहून येत. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "बाप्तिस्म्याआधी आजीला गावात काय म्हणायचे?"

मला ठाऊक नव्हते.

"मग शोधताय काय? कोर्टाच्या कागदांत तेव्हा गावातलं जुनंच नाव लागायचं. आधी चर्चची वही बघा."

पारनेरच्या हायस्कुलात मी इतिहास शिकवत होतो, त्यामुळे हे शब्द चांगलेच झोंबले.

मी शोधत होतो ते आईसाठी. ती पाच वर्षांची असताना वडील वारले आणि चुलत्याने तिला मिशनच्या बोर्डिंगात ठेवले. तिची आई तिला भेटायला कधीच आली नाही. "मला टाकली तिनं," एवढेच आई जन्मभर म्हणत आली. कोर्टात काहीतरी झाले होते, अशी कुजबुज मात्र नात्यात होती.

पुढच्याच रविवारी सर माझ्याबरोबर एसटीने कोल्हारला, आजीच्या चर्चमध्ये, आले. उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी कपाट उघडले. सरांनी मला हात धुऊन कोरडे करायला लावले आणि हवे ते पान सापडले तरी मागचे-पुढचे वाचल्याशिवाय वही मिटायची नाही, अशी तंबी दिली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडले : मार्था, पूर्वीचे नाव ठकू.

त्याच दिवशी राजूरकडचे एक म्हातारे गृहस्थ नातवंडांसह आपली नोंद पाहायला आले होते. सरांनी पान पाहिले आणि सगळ्यांना, अगदी मलाही, चहाला पिटाळले. वडिलांच्या नावाची जागा कोरी होती, हे त्यांनी त्या आजोबांना एकट्यालाच सांगितले. पुढे आजोबांनीच मला ते सांगितले म्हणून कळले. सरांच्या तोंडून आजवर अवाक्षर निघालेले नाही. असा मनाचा मोठेपणा मी फार थोड्या विद्वानांत पाहिला.

ठकूच्या नावाने दुसऱ्याच दिवशी कागद निघाला. मुलीचा ताबा मिळावा म्हणून तिने दिराविरुद्ध अर्ज केला होता. सोबत रोजनामा होता, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय घडले त्याची नोंद. सर हळू आवाजात वाचू लागले, "अर्जदार हजर. सामनेवाला गैरहजर. पुढील तारीख." पुन्हा, "अर्जदार हजर." दोन पावसाळे ती बाई येत राहिली होती. शेवटी अर्ज नामंजूर झाला आणि निकाल होईपर्यंत मुलीला भेटू नये, अशी कोर्टाने घातलेली मनाई नंतरही तशीच राहिली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेल्याची नोंद आम्ही आदल्या दिवशीच चर्चच्या दफनवहीत पाहिली होती. मी भर कचेरीत रडलो. सरांनी आपला रुमाल दिला आणि ते दुसरीकडे पाहत बसले.

नक्कल घेऊन सर स्वतः आमच्या घरी आले. आईच्या खाटेशी बसून त्यांनी एकेक तारीख वाचली. आई म्हणाली, "म्हंजी ती येत हुती?"

"व्हय आई. दर तारखेला," सर तिच्याच बोलीत म्हणाले.

"अन् मी तिला लई बोलले वो, सर." तिने सरांचा हात धरला. "परत वाचा. निस्तं हजर तेवढं वाचा."

सरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

आज सर पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांची नजर स्वच्छ राहो, गुडघे अभिलेख कक्षाचा जिना चढते राहोत आणि आम्हा शिष्यांना त्यांची बोलणी अशीच बसत राहोत, ही माझी प्रार्थना. आईला आजच्या सत्कार समारंभाला येववत नाही, म्हणून तिचा निरोप इथे जसाच्या तसा लिहितो : "सरांना म्हनावं, शंभर वर्सं जगा. म्हातारपनी मला माझी आई दिली तुमी."